सभेत ठरलं होतं

आमच्या घरात कुणी कुणाला काही करायला सांगत नसे. हे वाचून ज्यांना हेवा वाटेल त्यांनी जरा दम धरावा. मागच्या आठवड्यात सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर एक तरुण जोडपं आलं होतं. दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारी, मुलगी पाच वर्षांची, आणि तिला शाळेत घालायचंच नाही असं त्यांच्या मनानं घेतलेलं. माझ्या वडिलांविषयी कुठेतरी वाचून ती दोघं मला बघायला आली होती. "तुम्ही त्या काळात घरी शिकलात मॅडम, किती लकी!" असं ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या डाव्या डोळ्याकडे गेलं तशी तिनं पटकन नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेली. सगळे असंच करतात. तो डोळा थोडा बाहेरच्या बाजूला बघतो, आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. मी त्यांना चहा दिला, खारी दिली. त्यांनी आमच्या जुन्या वह्या बघायला मागितल्या, तेव्हा शोधून ठेवते म्हटलं. डोळ्याचं काही सांगितलं नाही. त्यांना खारी आवडली.

बाबा नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी तीन वर्षांची असताना त्यांना साक्षात्कार झाला की शाळा म्हणजे मुलांचा कोंडवाडा. त्यांनी नोकरी सोडली, कर्जत तालुक्यात गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर साडेतीन एकर मुरमाड जमीन घेतली आणि तिथे मातीचं गोल घर बांधलं. गोल अशासाठी की कोपऱ्यांमुळे माणसाचं मन कोतं होतं. त्या गोल भिंतीला आमचं एकही कपाट, एकही पेटी धड टेकत नसे, आणि मधल्या फटींत उंदरांनी जो संसार मांडला होता तो आमच्यापेक्षा नेटका होता. बाबा चहा पीत नसत, साखरेला विष म्हणत, आणि पुण्यामुंबईहून माणसं त्यांना बघायला येत. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांची स्वतःची मुलं चांगल्या चांगल्या शाळांत जात होती, आणि आमच्याकडे बघून मात्र त्यांचे डोळे भरून येत. मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठा दादा, आम्ही दोघं म्हणजे त्या घरातली सगळी शाळा.

शाळेचा मुख्य विषय होता सभा. रोज सकाळी धार काढून झाली की बाबा, आई, दादा आणि मी चटईवर गोल बसायचो. माणशी एक मत. आज गणित करायचं की खुरपायला जायचं, कालवण कसलं करायचं, म्हशीच्या पारडीचं नाव काय ठेवायचं, सगळं सभेत. आधी प्रत्येकानं बोलायचं, मग बाजूचे आणि विरोधातले हात वेगवेगळे वर करायचे, दादानं ते मोजून नावांनिशी ठरावाच्या वहीत लिहायचे. अक्षर सुधारावं म्हणून ते काम त्याच्याकडे होतं. पण मोजलेले आकडे मोठ्यानं वाचायचे नाहीत, फक्त 'ठराव संमत' किंवा 'असंमत' एवढंच म्हणायचं, हा बाबांचा नियम. आकडे वाचले की कुणीतरी हरतं, आणि आपल्या घरात कुणी हरत नाही, असं ते म्हणत. स्वतःला काय हवं ते बाबा कधीच सांगत नसत. पण त्यांना काय हवंय हे त्यांच्या गप्प बसण्यावरून दारातल्या कुत्र्यालाही कळलं असतं. एकदा दादानं आणि मी गुळाऐवजी साखर आणायचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. बाबा काही म्हणाले नाहीत. चार दिवस काहीच म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी आम्हीच साखर रद्द करायचा ठराव आणला, तेव्हा त्यांनी दादाच्या डोक्यावरून हात फिरवला. याला ते आत्मशिस्त म्हणत, आणि त्यावर त्यांनी एका मासिकात लेखही लिहिला होता.

आई खर्ड्याची, सातवी शिकलेली. तिच्या माहेरी ज्वारीचं रान होतं आणि रोज सकाळी कपभर चहा होता, ती दोन्ही सोडून आली. घरात सगळ्यांना सगळं स्वातंत्र्य होतं, फक्त आईला 'हाय' म्हणायचं नव्हतं. ती 'हाय' म्हणाली की बाबा हसून, अगदी प्रेमानं, 'आहे' म्हणत, आणि ती 'आहे' म्हणे. पुढे पुढे ती बोलणंच कमी करत गेली. सभेत ती चुलीच्या बाजूला बसायची. हात वर करायची वेळ आली की आधी आमच्या हातांकडे बघायची आणि मग आपला हात खांद्यापर्यंत, पदर सावरल्यासारखा न्यायची. बाबांचा मला राग होता, पण त्या रागाला थोडी आदराची झाक होती. आईविषयी मात्र निव्वळ तुच्छता होती. ही बाई म्हणजे होयबा, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं, आणि चाळीसेक वर्षं त्यात काही फरक पडला नाही.

मी बारा वर्षांची होते. दादानं टोलवलेली विटी माझ्या डाव्या डोळ्यावर बसली. डोळा सुजला, लाल झाला, आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे सभेत गेला. बाबा म्हणाले, निसर्गानं दिलेलं निसर्गच बरं करतो. ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवायचा ठराव झाला. मीही हात वर केला होता, उगाच खोटं कशाला बोलू. आठ-दहा दिवस मी डोळ्यावर चिखल घेऊन पडून राहिले. सूज उतरली, आणि मग एका सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यातून काळा पडदा वर सरकायला लागला. त्याच दिवशी कौसाबाई ताक न्यायला आली होती. कौसाबाई आमच्या बांधाला लागून असलेल्या रानातली, दांडगी, मोठ्या आवाजाची बाई. तिनं मला बघितलं आणि बादली खाली ठेवली.

"मास्तर, पोरीचा डोळा हाय त्यो! भित न्हाई लिंपायची!"

बाबा तिला शांतपणे समजावायला लागले, तर ती म्हणाली, "तुमचं तुमी बोलत बसा. उद्या हिला पुन्याला न्हेली न्हाई तर मी न्हेते." त्या दिवशी दुपारी खास सभा बसली आणि पुण्याला जायचं ठरलं. बाबांनी नंतर हाही सभेचा विजय म्हणून सांगितला.

पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर थोडे तिरसट होते, मला आवडले. ते बाबांशी न बोलता माझ्याशी बोलले. "डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, तो आम्ही जागेवर बसवलाय. आता तो चिकटेपर्यंत दाबून धरायला आत हवेचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा नेहमी वर जातो. तू पालथी असलीस तर तो पडद्यावर दाब देईल. बसलीस, उताणी झालीस, तर भलतीकडे जाईल. चौदा दिवस पालथं पडायचं. जेवताना, झोपताना, सगळं पालथं. संडासपुरतं उठायचं, तेही मान खाली घालून. चौदा दिवस केलंस तर दिसेल." मग बाबांकडे वळून म्हणाले, "यात तडजोड नाही." इतकं स्पष्ट माझ्याशी तोपर्यंत कुणीच बोललं नव्हतं. येताना जीपमध्ये पुण्यापासून थेट घरापर्यंत मी आईच्या मांडीवर तोंड खुपसून होते. तिच्या लुगड्याला धुराचा आणि दवाखान्यातल्या फिनेलचा वास येत होता, आणि खड्डा आला की ती दोन्ही हातांनी माझं डोकं घट्ट धरायची.

घरी आल्यावर आईनं आणि कौसाबाईनं मिळून बाज तयार केली. बाजेच्या डोक्याकडचं सुंभ सोडून तोंड जाईल एवढं भोक केलं, त्याच्या कडेनं जुन्या लुगड्याची चुंबळ शिवली. त्या भोकात तोंड घालून मी पडून राहायचे. डाव्या डोळ्यावर पट्टी, आणि उजव्या डोळ्याला हातभर शेणानं सारवलेली जमीन. तेवढंच माझं जग. माणसं पावलांनी यायची. बाबांच्या टाचा गुळगुळीत होत्या, रानात राहून नऊ वर्षांत भेग पडली नव्हती. दादाची पावलं सारखी घाईत. कौसाबाईच्या पायांत जाड जोडवी, ती यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. आईच्या टाचांच्या भेगांत शेणाच्या हिरव्या रेघा असायच्या, आणि ती दिवसातून चार वेळा बाजेशेजारी जमिनीवर बसायची, मान वाकडी करून खालून माझ्या डोळ्यात औषध घालायची. थेंब वरून खाली पडतो, खालून वर जात नाही, त्यामुळे ती मला कुशीवर वळवून, कपाळ हातानं खाली दाबून, कसाबसा तो थेंब कोपऱ्यात सोडायची. निम्मं औषध माझ्या नाकात जायचं.

जेवण बाजेखाली यायचं. आईनं त्या दिवसांत हुलग्याचे शेंगोळे वरचेवर केले, कारण ते हातानं उचलून खालून तोंडात घालता येत. लसणाचा आणि तिखटाचा तो वास जमिनीवरून सरळ नाकात यायचा, मला भरून यायचं. कौसाबाई दुपारी बाबा झोपले की पितळेच्या तांब्यातून चहा आणायची आणि पपईच्या देठाची नळी करून मला प्यायला द्यायची. चहाला सभेची परवानगी नव्हती. मी आयुष्यात प्यायलेला तो सर्वांत चांगला चहा, आणि आता दिवसाला पाच कप पिते तरी तसा लागत नाही. बाबांना मात्र माझी ती अवस्था म्हणजे शिक्षणाचा सुवर्णकाळ वाटत होती. त्यांनी माझ्याकडून 'जमिनीचे निरीक्षण' नावाची वही सुरू करवली. मी बघायचं, सांगायचं, दादानं लिहायचं. मुंग्या कुठून येतात, कुठे जातात, शेंगोळ्याचा तुकडा न्यायला किती मुंग्या लागतात. दोन दिवसांत मला मुंग्यांचा वीट आला. दादा मी सांगेन त्याच्या निम्मंच लिहायचा, आणि उरलेला वेळ बाजेला टेकून गप्प बसायचा. विटीचं त्यानं कधी काही बोलून दाखवलं नाही.

आठव्या दिवशी पत्र आलं. पुण्याहून शिक्षणाविषयी आस्था असलेली दहा-बारा मंडळी दुसऱ्याच दिवशी येणार होती, बरोबर फोटो काढणाराही होता. अशा पाहुण्यांसमोर माझा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. 'शाळा म्हणजे काय' या विषयावर मी उत्स्फूर्त बोलायचे. मी जन्मात शाळेची पायरी चढले नव्हते, पण शाळेत मुलांचं कसं खच्चीकरण होतं ते मी असं काही सांगायचे की बायका पदर डोळ्यांना लावत. उत्स्फूर्त म्हणजे बाबांनी आधी तीनदा ऐकलेलं. आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. वर्षातून चार-पाच वेळा कुणीतरी माझ्यासाठी टाळ्या वाजवायचं, त्या टाळ्यांवर मी उरलेले दिवस काढायचे.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सभा माझ्या बाजेभोवती बसली. मला फक्त पावलं दिसत होती, तीन मांड्या घातलेल्या, सहा पावलं. बाबा म्हणाले, "आज विषय एकच. ताई पाहुण्यांशी झोपून बोलणार की बसून? झोपूनही बोलता येईल. पण माणसांच्या डोळ्यांत बघून बोलण्यात जे असतं ते जमिनीकडे बघून बोलण्यात नसतं, एवढं मला वाटतं. डॉक्टरांचं म्हणणं आपण ऐकलंय. ते त्यांचं मत आहे. आपण कुणावर सक्ती करत नाही. तिचा डोळा, तिचा निर्णय. पण घर म्हणून सभाही आपलं मत देईल." दादा म्हणाला, थोडाच वेळ बसली तर काय होतंय. आई म्हणाली, "मला काही म्हणायचं नाही." मी म्हटलं, मला बसायचंय. माझी मान आठ दिवस अवघडली होती, मला माणसांची तोंडं बघायची होती, आणि बाबांच्या आवाजात जे होतं ते मी नेहमीसारखं ओळखलं होतं. "बाजूनं हात वर," बाबा म्हणाले. पालथ्या माणसानं हात वर करायचा म्हणजे पाठीमागे करायचा, तसा मी केला. मग त्यांनी विरोधातले हात विचारले. दोन्ही वेळा वर कुणाचे हात गेले ते मला दिसणं शक्य नव्हतं, आणि बघायची गरजही वाटली नाही. दादाचा टाक कागदावर करकरला. "ठराव संमत," तो म्हणाला. आईची पावलं उठली आणि चुलीकडे गेली.

मंडळी अकराला आली. त्यांनी दारात चपला काढल्या आणि शेणाची जमीन पायाला लागली म्हणून त्यांना गहिवरून आलं. मला मधोमध पाटावर बसवलं होतं. आठ दिवसांनी मान वर केली तशी भोवळ आली, पण ती मी लपवली. त्या दिवशीचं माझं भाषण फार रंगलं. डोळ्यावर पट्टी बांधलेली मुलगी शिक्षणातल्या अंधाराविषयी बोलते आहे, याहून त्यांना आणखी काय हवं होतं! एक वसुधाताई म्हणून होत्या, त्यांनी विचारलं, "बाळ, तुला त्रास होत असेल ना?" आणि बाबा म्हणाले, "तिनं स्वतः ठरवलंय." त्यावर वसुधाताईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग प्रश्न झाले, मग फोटो झाले, मग मी सूत कातून दाखवलं. एवढ्यात जोडवी वाजली आणि कौसाबाई दारात उभी राहिली.

"आगं ये पोरी! बसली काय तू? गुमान पालथी पड! डाक्टरनं काय सांगितलंय?"

बाबा उठून तिच्याजवळ गेले आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अतिशय सौम्यपणे म्हणाले, "कौसाबाई, तिचा निर्णय आहे. आपण मुलांना विचारतो."

"बारा वर्साच्या लेकराला इचारत्यात व्हय? तिला काय कळतंय? तुमाला कळंना, तर तिला काय कळायचं?"

मंडळी हसली. त्यांना ती फार अस्सल वाटली. वसुधाताईंनी पुन्हा वहीत लिहिलं. कौसाबाईनं चुलीकडे, आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. मी काय केलं? मीही हसले. त्या बाईनं मला आठ दिवस चोरून चहा पाजला होता आणि मी त्या शहाण्यांच्या बरोबरीनं तिला हसले. या सगळ्या प्रकरणात माझी स्वतःची जी लाज वाटते ती तेवढ्या हसण्याची. कौसाबाई गेली ती पुन्हा ताक न्यायला आली नाही. अडीच तास मी बसून होते. मंडळी जेवून, हात धुऊन, टाळ्या वाजवून गेली.

दोन दिवसांनी आई पट्टी सोडून औषध घालत होती. तोपर्यंत पट्टी सोडली की त्या डोळ्यात सगळीकडे दुधासारखा पांढुरका उजेड दिसायचा. त्या दिवशी निम्मा उजेड नव्हता. मी आईला सांगितलं. तिचा हात माझ्या कपाळावर होता, तो तसाच राहिला. ती काही बोलली नाही, आणि मला तिची किळस आली. पुण्यात डॉक्टरांनी तपासलं, दिवा बंद केला आणि विचारलं, "उठून बसली होतीस का?" मी खाली बघितलं. "किती वेळ?"

"अडीच तास," बाबा म्हणाले, "पण तिनं स्वतः ठरवलं होतं. आमच्याकडे लादत नाहीत."

"ती बारा वर्षांची आहे," डॉक्टर म्हणाले.

बाबा हसले. अडाणी माणसाकडे बघून समजूतदार माणूस हसतो तसं. "बसल्यामुळेच झालं असं तुम्ही खात्रीनं सांगू शकता?" डॉक्टर प्रामाणिक होते, म्हणाले, "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही." त्या एका वाक्यावर बाबांनी उरलेलं आयुष्य काढलं. दुसरं ऑपरेशन झालं, पुन्हा चौदा दिवस बाज झाली, या वेळी मी एकदाही मान वर केली नाही. उपयोग झाला नाही.

पुढे मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, कर्जतला शिकले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिली आहेत. मी पोरांना सांगते, विचारत नाही. फळ्यावरचं दिसत नाही म्हणणाऱ्या पोराला मी त्याच दिवशी कानाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यावर स्मरणिका निघाली, तिच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे: पाटावर ताठ बसलेली, पट्टी बांधलेली मी, आणि मागे हात बांधून उभे असलेले बाबा. खाली 'मुक्त मूल' असं छापलंय. दादा पुण्यात असतो, आपल्या मुक्त बालपणावर व्याख्यानं देतो आणि चांगलं देतो. त्याची दोन्ही मुलं शाळेत गेली. आईला मी माझ्याकडे घेऊन आले, कारण दादानं तिला कुठे राहायचं ते ठरवायला सांगितलं होतं आणि ती तीन महिने ठरवू शकली नाही. बाबा गेल्यावर ती परत 'हाय' म्हणायला लागली, तेवढंच.

जोडपं गेल्यावर मी पलंगाखालची पेटी ओढली. ठरावाच्या वह्या तीत होत्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या. मला त्या दिवशीचं पान हवं होतं असं नाही, पण हात तिकडे गेलाच. दादाचं गोल गोल अक्षर. 'ताईने पाहुण्यांसमोर बसून बोलावे. बाजूने: दादा, ताई. विरोधात: आई. तटस्थ: बाबा. (कारण: मुलांच्या निर्णयात मोठ्यांनी पडू नये.) ठराव संमत.'

मी ते पान चार वेळा वाचलं. बाबांनी मत दिलंच नव्हतं. दोन मुलांकडून काम करवून घेऊन त्या माणसानं स्वतःचे हात कोरडे ठेवले होते, आणि वर कारणही नोंदवलं होतं. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मी अडखळले ते वरच्या ओळीवर. आई शेजारच्या खोलीत पडली होती. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता. मी वही घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"आई, तू विरोधात होतीस?"

"कशाच्या?"

"मला बसवायच्या. पाहुणे आले तेव्हा."

"व्हय. मी हात वर केलता. पार वर केलता."

"मग बोलली का नाहीस?"

"सभंत ठरलं हुतं. तुमी दोगं, मी येकली." तिनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, हात वर केला म्हंजी झालं. कौसा आसती तर तुला धरून पालथी घातली आसती. तिनं सभा बगितली नव्हती ना. मी धा वर्सं बगितलेली."

मला तिच्या जवळ बसावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. चाळीस वर्षं मी तिला भित्री, लाचार, नंदीबैल समजत आले, आणि त्या घरात माझ्या बाजूनं वर गेलेला एकुलता एक हात तिचा होता. मला तो दिसला नाही, मी जमीन बघत होते. पण तो हात नुसताच वर राहिला, खाली येऊन त्यानं माझी मान धरली नाही, याला मी काय म्हणू? तुच्छता अशी चाळीस वर्षांनी सुटत नाही. ती फक्त हलली, थोडी आईवरून उठली आणि जागा शोधत माझ्याकडेही आली. मी वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी खर्ड्याहून फोन आला. आईच्या भाच्याच्या मुलाचं लग्न होतं, मांडवाला गाडी पाठवतो म्हणत होते. डॉक्टरांनी धूळ आणि प्रवास पंधरा दिवस बंद सांगितला होता. आई पलंगाच्या काठावर बसून होती, नवं लुगडं काढून मांडीवर ठेवलेलं. "जाऊ का गं? तुला काय वाटतं?" मग तिनं दादाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दादाचा आवाज अगदी बाबांचा झालाय, तोच सौम्यपणा. "आई, तुझा डोळा, तुझा निर्णय. तू ठरव. आम्ही लादणार नाही."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. लुगडं उचलून कपाटात टाकलं. "तू कुठंही जाणार नाहीस," मी म्हटलं, "गुमान पड."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रडेल. पण ती मुकाट्यानं आडवी झाली, पाय वर घेतले, आणि मी औषधाची बाटली उघडत होते तेव्हा स्वतःच चष्मा काढून हातात धरला. तिचा चेहरा असा सैल झालेला मी कधी बघितला नव्हता.

"येवढंच म्हनायचं हुतं व्हय गं तवा?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "एवढंच," आणि तिची पापणी वर धरून थेंब सोडला.